बर्फात ठेवलेलं रक्त बिघडेल कसं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण तपशीलही आहेत, आणि तपशील असले की मला लिहायला हुरूप येतो. म्हणून खाली दोन ओळी न खरडता हे वेगळं उत्तर.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. 'रिपोर्ट अनपेक्षित आला तर सॅम्पल कधी आणि कसं घेतलं हे आधी विचारा,' असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. ही प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांच्या मते ही लॅबवाल्यांची पळवाट आहे. यांच्या आईचं रक्त तालुक्याच्या गावी कलेक्शन सेंटरवर संध्याकाळी घेतलं, रात्री बर्फाच्या पेटीतून शहरातल्या लॅबला गेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर रिपोर्ट आला: पोटॅशियम ६.४, म्हणजे बरंच जास्त. डॉक्टरांनी ताबडतोब बोलावून ईसीजी काढला, दाखल करून घेतलं. तिथे पुन्हा तपासलं तर ४.३. लॅबला फोन केला, तर 'सॅम्पल हिमोलाइज झालं असेल' (म्हणजे लाल पेशी फुटल्या असतील) म्हणून त्यांनी हात झटकले. यांचा सवाल: "रक्त बर्फात होतं, मशीन महागातलं, वर एनएबीएलचा (लॅबच्या दर्जाच्या मान्यतेचा) शिक्का. मग चूक कुणाची? तुम्ही त्या रक्त घेणाऱ्या गरीब पोरावर ढकलणार. आणि असे लेख वाचून लोक खऱ्या रिपोर्टकडेही काणाडोळा करतील, त्याचं काय?"

बर्फापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

पोटॅशियम मुख्यतः पेशींच्या आत असतं. लाल पेशीच्या आत ते बाहेरच्या द्रवापेक्षा वीसपटीहून जास्त असतं, आणि ते आत राहावं म्हणून पेशीच्या आवरणातले सूक्ष्म पंप अखंड चालू असतात. थंडीत हे पंप मंदावतात. पेशी फुटत नाही, रक्ताचा रंग बदलत नाही, पण पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपत राहतं. रक्त पेशींसकट रात्रभर बर्फात राहिलं तर चांगल्या माणसाचं चार पॉइंट काहीतरी सहाच्या पुढे जाऊ शकतं. म्हणजे तुम्ही ज्याला काळजी घेणं म्हणताय त्यानंच बहुधा घात केला.

करायला हवं होतं ते अवघड नाही. रक्त साधारण अर्धा तास उभं ठेवून गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये (ट्यूब वेगानं फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवायचं, सीरम (गोठलेल्या रक्तातला पिवळसर द्रव) पेशींपासून वेगळं झालं की मग खुशाल बर्फात ठेवायचं. पिवळ्या झाकणाच्या ट्यूबच्या तळाला जेल असते ती त्याचसाठी: फिरवल्यावर ती वर सरकते आणि पेशी व सीरम यांच्या मधे बसते. न फिरवता पाठवलेल्या ट्यूबमध्ये ती नुसती तळाशी पडून असते. तुमच्या गावच्या सेंटरवर सेंट्रिफ्यूज आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण टेबल, खुर्ची, छोटा फ्रिज आणि भला मोठा बोर्ड एवढ्या भांडवलावर चालणारी सेंटरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

'हिमोलाइज'वाल्या उत्तरावर माझा विश्वास नाही. लाल पेशी फुटल्या तरी पोटॅशियम वाढतं, हे खरं. बारीक सुईतून सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, किंवा झाकणात सुई खुपसून रक्त दाबून सोडलं, की असं होतं. पण मग हिमोग्लोबिनही बाहेर येतं आणि एरवी फिकट पिवळं असणारं सीरम कोकम सरबतासारखं दिसू लागतं. ते नुसत्या डोळ्यांना दिसतं, आणि आजच्या मोठ्या मशीन तर तो लालपणा मोजूनच देतात. तुमच्या रिपोर्टवर तसा शेरा नाही. म्हणजे एक तर लालपणा दिसूनही त्यांनी शेरा न मारता आकडा सोडून दिला, नाहीतर तो नव्हताच आणि फोनवरच्या माणसानं तोंडाला आलं ते उत्तर दिलं. पहिलं घडलं असेल तर ते जास्त वाईट.

तिसरा संशयित जांभळ्या झाकणाचा. सीबीसीच्या (रक्तपेशी मोजायच्या तपासणीच्या) त्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, बहुतेक वेळा पोटॅशियमचा क्षार. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. घाईत आधी जांभळी भरली आणि पिवळीत कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं, की झालं: पोटॅशियम आभाळाला, कॅल्शियम तळाला. मी असा रिपोर्ट पाहिलाय. पोटॅशियम चौदा, कॅल्शियम चारच्या आत, आणि ज्याचं हृदय त्या आकड्यांनी केव्हाच थांबायला हवं तो पेशंट बाहेर बाकावर बसून चहा पीत होता. म्हणूनच ट्यूब भरायचा क्रम ठरलेला असतो: निळी, मग पिवळी, मग जांभळी, शेवटी साखरेची करडी. तुमच्या आईचं कॅल्शियम त्याच रिपोर्टात ९.२ आहे, तेव्हा हा संशयित सुटला. क्रिएटिनिनही व्यवस्थित आहे, म्हणजे किडनीकडेही बोट दाखवता येत नाही. बर्फच उरतो. अर्थात ट्यूब माझ्यासमोर नाही, हा अंदाज आहे.

आता मशीन. मशीननं तुमच्या आईला पाहिलेलं नसतं. तिच्यापुढे जी ट्यूब येते तिच्यातलं पोटॅशियम ती मोजते, आणि त्या दिवशी ट्यूबमध्ये ६.४ खरोखरच असणार. इटलीत पादुआच्या रुग्णालयातल्या तातडीच्या लॅबनं स्वतःच्या चुकांचा हिशेब दोनदा मांडला, १९९७ आणि २००७ साली प्रसिद्धही केला. तपासणीच्या आधीच्या टप्प्यातल्या, म्हणजे सॅम्पल घेणं, नाव लिहिणं, पाठवणं यांतल्या चुका पहिल्या वेळी ६८ टक्के होत्या, दुसऱ्या वेळी ६२. प्रत्यक्ष मोजणीतल्या पंधराच्या आसपास. दहा वर्षांत एकूण चुका कमी झाल्या, पण मोठा वाटा राहिला तिथेच.

आणि एनएबीएलच्या शिक्क्याचं म्हणाल तर तो तुमच्याच बाजूनं बोलतो. ज्या आयएसओ १५१८९ मानकावर तो मिळतो, त्यात सॅम्पल घेणं आणि पोचवणं ही लॅबचीच जबाबदारी धरली आहे. तेव्हा 'सॅम्पल खराब होतं' हे लॅबनं द्यायचं स्पष्टीकरण झालं, सुटका नाही. मी मागच्या लेखातही त्या पोराला दोष दिला नव्हता. सकाळच्या दोन तासांत गावभर फिरून रक्त गोळा करणाऱ्याला कुणी क्रम शिकवला नसेल, फिरवायला यंत्र दिलं नसेल, तर तो काय करणार? शिवाय आपण पेशंट त्याला एकाच गोष्टीवर जोखतो: सुई दुखली की नाही.

काणाडोळ्याबद्दल मात्र आपलं जमणार नाही. संशय घ्या म्हणजे फाइल कपाटात टाका, असं नव्हे. पोटॅशियम खरंच ६.४ असेल तर हृदयाची लय बिघडू शकते, तिथे वाट पाहायची नसते. तुमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि त्याच वेळी ताजं रक्त पाठवलं. संशय घेणं म्हणतात ते हेच. त्या आकड्यावर विसंबून पोटॅशियम उतरवायची औषधं दिली असती, तर ४.३ वरून ते खाली गेलं असतं आणि मग खरीच पंचाईत होती.

पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत हेच प्लेटलेटच्या बाबतीत होतं. हजारात एखाद्याच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटतात. ट्यूब हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटीसुलटी केली नाही तरी बारीक गुठळ्या होतात. मशीन त्या पुंजक्यांना प्लेटलेट म्हणून मोजत नाही आणि बावीस हजार छापते. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की कडेला पुंजकेच्या पुंजके दिसतात. अशा वेळी निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये रक्त घेऊन पुन्हा मोजतात. (पपईच्या पानांच्या रसानं एका रात्रीत लाखभर प्लेटलेट वाढल्याच्या काही कहाण्यांत दुसऱ्या दिवशीची ट्यूब नीट हलवली गेली होती, एवढंच घडलं असावं अशी मला दाट शंका आहे.) पण ताप आहे आणि काचपट्टीवरही प्लेटलेट कमीच दिसताहेत, तर तो आकडा खरा समजूनच चालायचं.

तुम्ही आता त्या लॅबला फोन करू नका, लेखी विचारा. सॅम्पल किती वाजता घेतलं, सेंटरवर फिरवलं होतं का, लॅबमध्ये किती वाजता पोचलं आणि हिमोलिसिसचा आकडा किती होता. चांगल्या लॅबकडे हे सगळं नोंदलेलं असतं. पहिल्या तपासणीचे पैसेही परत मागा, संकोच करू नका. उत्तर आलं की नाव झाकून इथेच टाका. अंदाज चुकला असेल तर तेही सगळ्यांना कळेल.