डेड स्टॉकमधली सातवी मासोळी

महाविद्यालयाची सगळी जंगम मालमत्ता डेड स्टॉक रजिस्टरात लिहिली जाते, आणि खुर्च्या-कपाटांना हा शब्द कसाही वाटो, आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या संग्रहालयाला तो अक्षरशः लागू पडतो. जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, कोणतीशी समिती येणार म्हणून तिथल्या बरण्यांची प्रत्यक्ष पडताळणी माझ्या गळ्यात पडली. पंखा लावला की फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांत जाई आणि बंद केला की घाम.

बरणी क्रमांक ११७ पाशी गाडी अडली. आतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने ‘बार्बस टिक्टो, गिरणा नदी, पूर्व खानदेश’ एवढेच लिहिलेले होते. शेजारच्या अल्कोहोलच्या बरणीतली बॉलपेनची चिठ्ठी केव्हाच कोरी झालेली होती, त्यामुळे पेन्सिल वापरणाऱ्या त्या अनाम गुरुजींना मी मनोमन हात जोडले. पण संगणकातल्या तक्त्याला चालू शास्त्रीय नाव हवे होते. निसर्ग-अभ्यासक हॅमिल्टनने १८२२ साली ‘सिप्रिनस’ म्हणून नोंदवलेली ही बोटभर मासोळी पुढे बार्बस झाली, मग पुंटियस आणि २०१२ पासून पेथिया. एवढी आडनावे बदलूनही ‘टिक्टो’ हे पाळण्यातले नाव तिने सोडले नाही. जिल्ह्याची कथाही निराळी नाही. १९०६ साली खानदेशाचे दोन तुकडे झाले आणि १९६० मध्ये पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला. त्यावरून मासोळी त्याआधीची म्हणावी, तर तोंडी अजून ‘पूर्व खानदेश’ म्हणणारे आमच्या स्टाफरूममध्येच दोघे आहेत. शिवाय गिरणा चाळीसगाव, भडगाव, पाचोरा अशी फिरत तापीला मिळते. त्यांतले कोणते गाव लिहावे, ते चिठ्ठी सांगत नव्हती आणि ‘गाव’ हा रकाना रिकामा सोडला की संगणक पुढे सरकू देत नव्हता.

प्रयोगशाळेतले आप्पा बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. “सर, हाई मासोयी आते काय बोली?” ते शेवटी म्हणाले.

मग मी मोजणी केली. रजिस्टरात सहा आणि बरणीत सात. कमी भरल्या असत्या तर ‘निर्लेखित’ (म्हणजे नोंदीतून काढून टाकलेले) असा शिक्का मारून सुटका झाली असती. जास्त भरलेल्या मालाला आमच्या कार्यालयात शिक्काच नाही. भिंगाखाली सगळ्या ओळीने मांडल्या. रंग उडालेले असले तरी सहा जणींचे दोन काळे ठिपके शाबूत होते, एक कल्ल्यामागे आणि एक शेपटीच्या देठाजवळ, आणि पार्श्वरेषा, म्हणजे कुशीवरच्या खवल्यांतून जाणारी बारीक छिद्रांची ओळ, थोड्याच खवल्यांवर जाऊन थांबलेली होती. सातवीची रेषा मात्र थेट शेपटीपर्यंत गेलेली आणि एक ठिपका पाठीच्या पराच्या बुडाशी. ती टिक्टो नव्हतीच. ती पुंटियस सोफोर होती, केव्हा तरी कोणी तरी जागा दिसली म्हणून तिथे सोडलेली.

हेडक्लार्क भाऊसाहेबांसमोर मी सोफोरसाठी नवा क्रमांक मागितला.

“बिल?” त्यांनी विचारले.

“नदीतून आलेली आहे, भाऊसाहेब.”

“मग देणगी म्हणून दाखवा. देणगीदाराची सही आणा.” एवढे बोलून त्यांनी ‘स्थिती’ या रकान्यावर बोट ठेवले. त्यात ‘चालू’, ‘नादुरुस्त’ आणि ‘मोडीत’ असे तीनच पर्याय होते.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, तर तीनदा साबण लावूनही वांग्याच्या भरिताला फॉर्मॅलिनचा वास येत होता. आप्पांनी आपल्या डब्यातली कळण्याची भाकरी पुढे केली आणि बरणीकडे मान वळवून म्हणाले, “आमना गावमा हाई भुंजीसन खातस.”