आमची रोजची भाकर

प्रभूची स्तुती असो.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या मंडळीतल्या एक ताई चर्चच्या पायरीवर बसून रडत होत्या. नवऱ्याचं काम सुटून तीन महिने झालेत. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, "तुमचा विश्वास कमी पडतोय. काळजी करणं हे पाप आहे." ते ऐकल्यापासून मला चैन नाही, म्हणून लिहितेय.

माझी आजी नगर जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. रेशनवर मिलो मिळायची, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकर थापताना चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही, असं आजी सांगायची. पण पहिला तुकडा मोडण्याआधी सगळ्या घराचे डोळे मिटलेले असायचे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतल्या "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" या ओळीपाशी ती थोडी थांबायची. आपल्या शास्त्रात या ठिकाणी 'भाकर' आहे याचा मला फार आनंद वाटतो. हातोड्याने फोड आलेल्या हातांनी थापलेली वस्तूच त्या प्रार्थनेत आहे.

आजीला काळजी नव्हती का? होती. रोज संध्याकाळी ती पिठाच्या डब्यात हात घालून तळ चाचपायची आणि मग गुडघे टेकायची. देवावर भार टाकायचा तर आधी तो भार आहे हे कबूल करावं लागतं. तिला कुणी अविश्वासी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

बायबलात आहे, अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळालं ते त्या दिवसापुरतं. उद्यासाठी म्हणून ठेवला त्यात किडे पडले. पण शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करा, असं देवानेच सांगितलं आणि तो खराब झाला नाही. म्हणून पोस्टात आरडी काढली, विमा घेतला, तर विश्वास डळमळला असं मी मानत नाही.

पंडिता रमाबाईंचंच बघा. १८८९ मध्ये विधवा-मुलींसाठी त्यांचं शारदा सदन सुरू झालं तेव्हा अमेरिकेतल्या मित्रांनी दहा वर्षं मदतीचा शब्द दिला होता. ती मुदत सरत आली, त्याच सुमारास दुष्काळातल्या शेकडो मुली त्यांनी पुण्याजवळच्या केडगावला आणल्या. ब्रिस्टलमध्ये कुणाकडेही पैसे न मागता अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरांचं चरित्र त्यांनी वाचलं होतं, आणि त्यांनीही देवावर भिस्त ठेवली. पण त्याच केडगावात विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला, मुली छपाईचे खिळे जुळवायला शिकल्या. त्या बाईंच्या विश्वासाला घामाचा वास होता.

आणि "हजार रुपये पेरा, देव शंभरपट देईल" असं सांगणारे? मला राग येतो. ज्या घरात मुलांची फी थकलीय त्या घराला हे सांगणं म्हणजे विधवेच्या मडक्यातलं पीठ काढून घेणं आहे.

बायबलातली सारफथ गावची ती विधवा मला फार जवळची वाटते. मूठभर पीठ आणि थोडं तेल, बस. दुष्काळात एलीया संदेष्ट्याला देवाने तिच्याकडे पाठवलं. ती इस्राएली नव्हती, सीदोनकडची होती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या मिस्टरांचा पगार थांबला तेव्हा आमच्याकडे कोण आलं ठाऊक आहे? मागच्या गल्लीतल्या काकू, दर आषाढीला वारीला जाणाऱ्या. पाच किलो पीठ आणि तेलाची पिशवी ओट्यावर ठेवली. "पोरं लहान आहेत गं," एवढंच म्हणाल्या. त्यांच्याही घरात तेव्हा कमावणारं कुणी नव्हतं. त्या रात्री प्रार्थनेत माझ्या तोंडून शब्द फुटेना. देवाने पुरवलं होतं, आणि काकूंनी आपल्या डब्यातून काढून दिलं होतं. दोन्ही खरं.

तेव्हापासून 'आमची' हा शब्द मला टोचतो. 'माझी भाकर' असं येशूने शिकवलंच नाही. बंधू उघडा आहे, उपाशी आहे आणि आपण "सुखाने जा" म्हणून पाठवतो, त्याचा काय उपयोग, असं याकोब बायबलातल्या आपल्या पत्रात विचारतो. त्या ताईंना आपण नेमकं तेच केलं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जणी पिठाच्या आणि डाळीच्या पिशव्या भरतोय. ज्यांच्या घरी आज डब्याचा तळ लागलाय त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवा. कोणत्या मंडळीचे, कोणत्या धर्माचे, काही विचारणार नाही. आणि ज्यांच्याकडे दोन किलो जास्त आहे त्यांनीही कळवा.