डिस्क एकदाच वाचायचीय, तर सगळी वाचून घ्या

घरातल्या डीव्हीडी, सीडी, ब्लू-रे कॉम्प्युटरवर घेऊन मीडिया सर्व्हरवर (घरातल्या टीव्ही-फोनला सिनेमा-गाणी पुरवणाऱ्या मशीनवर) टाकायचं म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, फाइल केवढी होणार? आणि उत्तर ऐकलं की थेट हँडब्रेक हे व्हिडिओ लहान करणारं सॉफ्टवेअर उघडतात, रिप करता करताच, म्हणजे डिस्कवरून कॉपी घेता घेताच, सिनेमा एक जीबीवर आणून ठेवतात आणि डिस्क देऊन टाकतात. मला हे बघून खरंच वाईट वाटतं. डिस्कवरून पहिली कॉपी घ्यायची ती जशीच्या तशी, काहीही कमी न करता घ्यायची, असं माझं ठाम मत आहे. बारीक करायचं असेल तर त्या कॉपीवरून नंतर कधीही करता येतं.

का ते सांगते. या सगळ्या कामात खरा वेळ जातो तो माणसाचा. डिस्क शोधा, पुसा, ड्राइव्हमध्ये घाला, ढीगभर टायटलांमधून, म्हणजे डिस्कवरच्या वेगवेगळ्या व्हिडिओंमधून, खरा सिनेमा कुठला ते ओळखा, नाव द्या, पुढची घाला. कॉम्प्रेशन (फाइल दाबून लहान करणं) काय, मशीन रात्रभर एकटं करत बसतं, तिथे आपण लागतही नाही. म्हणजे जे काम पुन्हा करायला सगळ्यात नको वाटतं तेच आपण अर्धवट करतो आणि जे कधीही पुन्हा होऊ शकतं त्याची घाई करतो. आणि जागा म्हणाल तर एका बाजूच्या डीव्हीडीत एक थर असेल तर 4.7 जीबी, दोन थर असतील तर 8.5 जीबी, संपलं. सगळ्या डिस्क काठोकाठ भरलेल्या धरल्या तरी 1 टीबीत शंभराच्या वर डीव्हीडी काहीही न कापता बसतात.

शिवाय आज जे फॉरमॅट उत्तम वाटतं ते काही वर्षांनी जुनं होतंच. एके काळी सिनेमा 700 एमबीच्या सीडीवर बसवायचा म्हणून लोक तो डिव्हएक्स, एक्सव्हिड या फॉरमॅटमध्ये दाबायचे, लहान मॉनिटरवर ते खपूनही गेलं. आज तीच फाइल मोठ्या टीव्हीवर लावा, अंधाराच्या सीनमध्ये चौकोनच चौकोन दिसतात. मग व्हिडिओ दाबायच्या नव्या पद्धती येत गेल्या, 2003 ला एच.264 आलं, 2013 ला एच.265, 2018 ला एव्ही1, आणि यातल्या कशाचाही फायदा घ्यायचा तर हातात मूळ माल लागतो. डीव्हीडीवरचा एमपेग-2 व्हिडिओ मुळातच एकदा दाबलेला असतो, तो पुन्हा दाबला की काही ना काही जातंच, आणि त्या दाबलेल्या फाइलला तिसऱ्यांदा दाबलं की आणखी जातं. गेलेलं परत आणणारं बटण कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इंटरलेसिंगमध्ये आणि ते बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. जुने टीव्ही कार्यक्रम आणि कॅमकॉर्डरवरचं घरचं शूटिंग पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम्स असं लिहिलेलं असलं तरी आत 50 फील्ड्स असतात, म्हणजे सेकंदातले 50 वेगवेगळे क्षण, एक आड एक ओळींमध्ये विणलेले. हालचालीच्या वेळी कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात ते यामुळेच. आता रिप करताना नेहमीच्या सेटिंगवर डीइंटरलेस केलं, म्हणजे ही वीण सोडवली, की दाते जातात, चित्र स्वच्छ दिसतं, आपण खूश. पण 50 क्षणांचे 25 झालेले असतात, पळणाऱ्या पोराची ती सुळसुळीत हालचाल अर्धी गेलेली असते. बॉब पद्धतीने, म्हणजे प्रत्येक फील्डची एक फ्रेम करून, 50 फ्रेम्स काढल्या तर ती राहते. पण कुठली पद्धत कुठल्या डिस्कला बरी हे ठरवायला सावकाश बघावं लागतं, फिल्टरही वर्षागणिक सुधारतायत, मग हा निर्णय डिस्क ड्राइव्हमध्ये गरगरत असताना कशाला घ्यायचा? दात्यांसकट ठेवा. प्लेअरला आणि सर्व्हरला चालू असताना डीइंटरलेस करता येतं.

मी स्वतः मेकएमकेव्ही वापरते. ते व्हिडिओला हात लावत नाही, डिस्कवरचे व्हिडिओ, ऑडिओ, सबटायटल, चॅप्टर उचलतं आणि एका एमकेव्ही फाइलमध्ये ठेवतं, बस. फक्त सेटिंगमध्ये एक गोष्ट बघा, दोन मिनिटांपेक्षा लहान टायटल ते आपणहून वगळतं, त्यामुळे छोटे ट्रेलर, वगळलेले प्रसंग हरवतात, तो आकडा कमी करून टाका. आणि नको असलेल्या ट्रॅकवरची टिक काढताना हात आखडता घ्या. दिग्दर्शकाची कॉमेंट्री, मूळ भाषेचा ऑडिओ, सगळी सबटायटल्स राहू द्या. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल ट्रॅक जास्तीत जास्त 448 केबीपीएसचा असतो, दोन तासांच्या सिनेमाला तो साधारण 400 एमबी खातो, कॉमेंट्री तर त्याहून खूप कमी. एवढ्यासाठी ती फेकायची? स्ट्रीमिंगवर सिनेमा मिळेलही, कॉमेंट्री आणि मेकिंग बहुतेक वेळा मिळत नाही. माझ्यासाठी तरी डिस्क जपण्याचं अर्धं कारण तेच आहे.

मालिकांच्या डिस्क मात्र जीव खातात. एपिसोडची टायटलं उलटसुलट क्रमात असतात, सगळे एपिसोड सलग लावणारं एक मोठं टायटल वेगळं असतं, तेही घेतलं तर जागा दुप्पट लागते. प्रत्येक फाइलची पहिली दोन मिनिटं बघून एपिसोडचं नाव जुळवायचं, याला शॉर्टकट नाही.

ऑडिओ सीडीचं वेगळं. तिच्यावर फाइल्स नसतातच, सेकंदाला 44,100 नमुने, 16 बिट, दोन चॅनल, असा सलग प्रवाह असतो, आणि ओरखड्यापाशी ड्राइव्हला नीट वाचता आलं नाही की तो आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने मधलं भरतो आणि गुपचूप पुढे जातो. एरर वगैरे काही दाखवत नाही. म्हणून एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखं सॉफ्टवेअर वापरा. त्यात अॅक्युरेटरिप म्हणून सोय आहे, तुमच्या ट्रॅकची चेकसम (डेटावरून काढलेला ओळख-आकडा) इतरांनी रिप केलेल्या त्याच सीडीच्या चेकसमशी जुळते का ते ती बघते, जुळली की निश्चिंत. ठेवा फ्लॅक फॉरमॅटमध्ये, साधारण निम्म्या जागेत एकही बिट न गमावता बसतं. फोनसाठी एमपी3 हवी तर फ्लॅकवरून करा.

आता कशापासून सुरुवात करायची, तर कपाटातल्या सगळ्यात भारी बॉक्स सेटपासून अजिबात नको. पहिल्यांदा हातात घ्या त्या घरी किंवा स्टुडिओत बर्न केलेल्या डिस्क, लग्नाचं शूटिंग, शाळेचं गॅदरिंग, आजोबांचा आवाज. सिनेमाची डिस्क कारखान्यात छापलेली असते, खड्डे साच्यातून प्लास्टिकमध्येच उमटलेले असतात. बर्न केलेल्या बहुतेक सीडी-डीव्हीडीत माहिती असते रंगद्रव्याच्या थरात, आणि ते द्रव्य उष्णतेने, उजेडाने, वयाने हळूहळू उतरतं. वरून डिस्क चकचकीत दिसते आणि आत वाचण्यासारखं काही उरलेलं नसतं. सिनेमा दुसरीकडे कुठे तरी सापडेल, या डिस्कची दुसरी प्रत जगात कुठेच नाही.

यातल्या काही लगेच वाचल्या जात नाहीत, म्हणून घाबरून सोडून देऊ नका. व्हीसीडी असेल तर एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल साधी कॉपी-पेस्ट करताना अनेकदा एरर येते. तिथे डिस्क खराबच असेल असं नाही. व्हीसीडीचे व्हिडिओ सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे तुकडे) वेगळ्या प्रकारचे असतात, जास्त मिनिटं बसावीत म्हणून त्यातली जादा चूक-दुरुस्तीची माहिती काढून तिथेही व्हिडिओच भरलेला असतो, त्यामुळे व्हीसीडी समजणारं सॉफ्टवेअर लागतं. डीव्हीडी रेकॉर्डरवरची डिस्क कॉम्प्युटरला रिकामी दिसली तर ती फायनलाइज झालेली (इतर मशीनना वाचता येईल अशी शेवटी बंद केलेली) नसण्याची शक्यता मोठी, तो रेकॉर्डर चालू असेल तर त्याच्यातच घालून फायनलाइज करा. आणि खरोखर खराब झालेल्या डेटा डिस्कला, डीव्हीडीला डीडीरेस्क्यू हे डेटा वाचवणारं सॉफ्टवेअर. ते आधी सोपा भाग उचलतं, अडलेले सेक्टर नकाशा-फाइलमध्ये नोंदवून ठेवतं आणि नंतर तेवढ्यांच्याच मागे लागतं. तीच नकाशा-फाइल ठेवून डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घाला. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं, हे इतक्या वेळा होतं की एकाच ड्राइव्हच्या भरवशावर डिस्क मेली असं जाहीर करूच नये.

पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोलाकार ओरखडा डेटाच्या ओळीच्या बाजूनेच धावतो आणि सलग खूप काही घेऊन जातो, आडवा ओरखडा त्या मानाने भरून काढता येतो. सीडीची लेबलची बाजू जास्त नाजूक, कारण डेटाचा थर तिथेच पातळ वॉर्निशखाली असतो. डीव्हीडीत तो 0.6 मिमीच्या दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो, ब्लू-रेमध्ये चकचकीत बाजूपासून फक्त 0.1 मिमी आत, वर कडक कोटिंग असलं तरी.

ब्लू-रेच्या बाबतीत जागेची तक्रार मला मान्य आहे. 25 किंवा 50 जीबीची डिस्क, फोरकेची तर 66 किंवा 100 जीबीपर्यंत, तिथे न वापरायच्या भाषांचे ऑडिओ ट्रॅक काढले तरी चालेल. पण मुख्य व्हिडिओ तसाच ठेवा. आणि फोरके अडकत चाललं तर फाइलला दोष देण्याआधी टीव्हीचं लॅन पोर्ट बघा, खूप टीव्हींचं ते 100 एमबीपीएसचंच असतं आणि फोरके डिस्कचा डेटा मध्येच त्याच्या वर उसळी घेतो. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय तिथे तारेपेक्षा बरं असेल असं कुणाला वाटणार नाही, पण चांगलं वायफाय पुष्कळदा त्या पोर्टपेक्षा जास्त वेग देतं.

सर्व्हर म्हणून मला जेलीफिन आवडतं, 2018 मध्ये एम्बी या दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरपासून फुटून निघालेलं, पूर्ण मोफत आणि खुलं. प्लेक्सही चालेल. फोल्डरला सिनेमाचं नाव आणि कंसात वर्ष दिलंत की माहिती-पोस्टर आपोआप येतं. एक त्रास सांगून ठेवते, डीव्हीडी आणि ब्लू-रेची सबटायटल्स अक्षरं नसतात, चित्रं असतात. प्लेअरला ती झेपली नाहीत की सर्व्हर ती व्हिडिओवर छापायला घेतो आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड करत बसतो, लहान मशीन तिथेच धापा टाकतं. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून घेऊन, एसआरटी ही साध्या अक्षरांची फाइल बनवा, मूळ चित्रांचा ट्रॅक मात्र फाइलमध्ये राहू द्या.

कायद्याचं प्रत्येक देशात वेगळं आहे, स्वतःच्या डिस्कवरचंही कॉपी-बंदीचं कुलूप तोडायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे. ब्रिटनने 2014 मध्ये खासगी कॉपीला परवानगी दिली आणि 2015 मध्ये कोर्टाने ती रद्दही केली. आपापल्या इथलं बघून घ्या. स्वतः शूट केलेल्या डिस्कना असलं कुलूप नसतंच.

आणि हे फार पुढे ढकलू नका. नेटफ्लिक्सने घरपोच डीव्हीडी पाठवणं सप्टेंबर 2023 मध्ये बंद केलं, सोनीने रेकॉर्डेबल ब्लू-रे बनवणं फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवलं, लॅपटॉपमधून ड्राइव्ह तर कधीच गेला. चांगला चालणारा ड्राइव्ह हातात आहे तोवर वाचून घ्या, आणि जमलं तर दुसरा एक बाजूला ठेवा.

सगळं झाल्यावर प्रत्येक फाइल मध्यावर आणि शेवटी लावून बघा, दोन थरांच्या डीव्हीडीत थर बदलतो तिथेच पुष्कळदा गडबड होते. मग दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी, आणि ती हार्ड डिस्क दुसऱ्या घरात. रेड, म्हणजे एकाच माहितीसाठी अनेक हार्ड डिस्क जोडणारी व्यवस्था, लावलंय म्हणून बॅकअप झाला असं समजू नका, रेड एक डिस्क मेली तर सांभाळतं, चुकून डिलीट केलेलं फोल्डर ते दोन्हीकडून तितक्याच इमानाने डिलीट करतं.