‘ईआरमध्ये बंदुकीचं विचारलं तर नाही म्हणा’: अजिबात म्हणू नका!

माझा भाऊ ह्युस्टनला राहतो. गेल्या महिन्यात नऊ वर्षांचा भाचा सायकलवरून पडला, हात मोडला, वहिनी त्याला घेऊन ईआरमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, धावली. तिथे नर्सने बाकीच्या प्रश्नांबरोबर विचारलं, घरात गन आहे का, असली तर कुलपात असते का. वहिनीने सांगितलं, नाही.

आहे! शेजारी चोरी झाली तेव्हा दादाने घेतली, आणि ती कपाटात वरच्या खणात साड्यांखाली असते, भरलेली. खोटं का बोललीस विचारलं तर तिने मला व्हॉट्सॲपवरचा मेसेज दाखवला, तोच जो अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर सगळीकडे फिरतोय: डॉक्टरांनी असं विचारणं बेकायदा आहे, तुमचं नाव सरकारी यादीत जातं, सरळ नाही म्हणा, आपली मुलं संस्कारी आहेत, हात लावू नको म्हटलं की लावत नाहीत, आणि कुलपातली बंदूक चोर आल्यावर काय कामाची.

बेकायदा वगैरे काही नाही. फ्लोरिडाने २०११ मध्ये डॉक्टरांना हे विचारण्यापासून अडवणारा कायदा केला होता, एवढं खरंय, पण २०१७ मध्ये फेडरल (केंद्रीय) अपील कोर्टाने तो भाग रद्द केला. आणि यादीचं म्हणाल तर बंदूकवाल्यांची यादी करायला फेडरल सरकारला १९८६ च्या कायद्यानेच मनाई आहे. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, पण खोटं कशाला?

आता ते संस्कारी मुलांचं. हे वाचून माझं डोकंच फिरलं. अटलांटात डॉक्टरांनी एक प्रयोग केला होता, २००१ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आला. ८ ते १२ वर्षांचे ६४ मुलगे, दोघातिघांना एका खोलीत बसवायचं आणि आरशाआडून बघायचं, ड्रॉवरमध्ये खरं पिस्तूल ठेवलेलं, अर्थात गोळी नसलेलं. ४८ जणांना ते सापडलं, त्यातल्या ३० जणांनी हातात घेतलं, १६ जणांनी चाप ओढला. सापडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना ते खेळण्यातलं वाटलं किंवा खरं की खोटं ते कळलंच नाही. आणि ज्यांनी हाताळलं त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त मुलांनी सांगितलं की बंदुकीपासून जपायचं आम्हाला आधी शिकवलंय. म्हणजे शिकवलेलीच मुलं ही! अहो, दिवाळीत चकल्यांचा डबा कुठेही लपवा, पोरं दुसऱ्या दिवशी शोधून काढतात. मी भाच्याला सहज विचारलं, बाबाची गन कुठे असते रे? "साड्यांखाली," म्हणाला. वहिनीचा चेहरा पांढरा पडला.

आणि त्या मेसेजमध्ये मोठ्या मुलांबद्दल एक अक्षर नाही. दादाची मुलगी पंधराची आहे. या वयात एखाद्या रात्री सगळं संपल्यासारखं वाटतं, आणि तो क्षण कधीकधी काही मिनिटांचाच असतो. अशा वेळी औषधाच्या गोळ्या खाल्लेली बहुतेक मुलं वाचतात, बंदुकीने स्वतःवर गोळी झाडणाऱ्या दहातले नऊ जातात. म्हणून तर ईआरमध्ये विचारतात. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण बंदूक आहे, गाड्यांच्या अपघातांच्याही वर. "आपल्यात असं होत नाही" हे मला कुणी ऐकवू नका.

चोराचं म्हणाल तर हो, कुलूप उघडायला वेळ लागतो. पण आकड्यांचा किंवा बोटाच्या ठशाचा लॉकबॉक्स सेकंदांत उघडतो. केबल लॉक, म्हणजे बंदुकीतून ओवून लावायचं तारेचं कुलूप, तर बऱ्याच ठिकाणी पोलिस स्टेशनात, काही हॉस्पिटलांत फुकट देतात. नर्स फार तर एवढंच सांगणार होती की गन रिकामी करून कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या कुलपात. बंदूक विका असंही म्हणाली नसती. वहिनीने नाही म्हटलं आणि बोलणंच संपलं.

शनिवारी दादाने लॉकबॉक्स आणला. प्लास्टर काढायला पुढच्या आठवड्यात जायचंय, या वेळी विचारलं तर खरं सांगते म्हणाली वहिनी.