जन्मस्थान: पुणे

माझी आत्येबहीण न्यू जर्सीत राहते. दर महिन्याला अमेरिकन सरकारचं व्हिसा बुलेटिन, म्हणजे ग्रीन कार्डाच्या (कायमचं राहण्याच्या परवान्याच्या) रांगेत कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली ते सांगणारं पत्रक, निघालं की त्यांच्या घरात एकच प्रश्न असतो, "तारीख सरकली का?" धाकटी लेक एडिसनला झाली, म्हणून ती अमेरिकन नागरिक. थोरला पुण्यात झाला, तीन वर्षांचा असताना गेला. मार्चमध्ये त्याला एकवीस पूर्ण होतील आणि आईवडिलांच्या व्हिसावर राहण्याची त्याची मुदत संपेल. एकाच ताटात जेवलेली भावंडं ही!

१८८३ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा व्हिसा नावाची भानगडच नव्हती. पण चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. १९१७ मध्ये भारतासकट बहुतेक आशियावर बंदी आली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंद अमेरिकेच्या सैन्यात होते, तरीही.

वैष्णोदास बगाई यांचं मला राहून राहून वाईट वाटतं. पेशावरचा हा माणूस १९१५ मध्ये बायको आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेला, दुकान काढलं, १९२१ मध्ये नागरिक झाला. थिंद निकालानंतर ते नागरिकत्व काढून घेतलं. भारतात जाऊन यायला अमेरिकन पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी विचारलं होतं, मग आता मी कोण?

१९४६ मध्ये भारताला वर्षाला १०० जागा मिळाल्या. शंभर! १९६५ च्या कायद्याने देशवार कोटे गेले आणि आपले डॉक्टर-इंजिनिअर निघाले. मात्र प्रत्येक देशाला कमाल मर्यादा राहिली. आज ती वर्षाला या रांगेतून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांच्या ७ टक्के आहे, भारताला तेवढीच आणि आइसलँडलाही तेवढीच.

एच-१बी, म्हणजे नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा, देताना अशी देशवार मर्यादा नाही. कामाला बोलावताना चालतं, कायमचं राहू द्यायची वेळ आली की जन्म कुठला ते बघतात. मर्यादा काढली तर बाकीच्या देशांचे लोक मागे पडतील, हे म्हणणं मला समजतं. आणि कोणाला घ्यायचं हे त्या देशानेच ठरवावं, हेही मान्य. पण जी मुलं तिथेच बालवाडीपासून शिकली, त्यांना तरी या रांगेतून वगळा. पुणं त्या पोराला आठवतही नाही.

सध्या तो विद्यार्थी व्हिसाचा फॉर्म भरतोय. शिक्षण संपल्यावर परत मायदेशी जाणार, असं त्यात दाखवावं लागतं. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, मायदेश म्हणून काय सांगू?"