थायरॉइड मुळापासून घालवण्याचे खात्रीशीर उपाय

नात्यात कुणाला थायरॉइडची गोळी सुरू झाल्याचे कळताच त्या व्यक्तीला एकटीला गाठावे आणि डॉक्टर काय म्हणाले, हे विचारण्यात वेळ न दवडता उपचार सुरू करावेत. गेल्या महिन्यात एका लग्नघरी माझ्या धाकट्या बहिणीला असेच गाठण्यात आले. पद्धत इतकी परिणामकारक ठरली की ती सर्वांना कळायलाच हवी.

प्रथम रिपोर्ट मागून घ्यावा आणि टीएसएचचा आकडा जास्त दिसताच 'थायरॉइड फारच वाढलाय' असे निदान करावे. टीएसएच थायरॉइड ग्रंथी बनवत नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी सोडते, आणि रक्तात थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड ग्रंथी बनवते ते हार्मोन, कमी पडले की या ग्रंथीला कामाला लावण्यासाठी ती ते वाढवते, ही माहिती मनावर घेऊ नये. वाढलेला आकडा ग्रंथी मंदावल्याची खूण आहे असे एकदा मान्य केले, की 'वाढलेले उतरवणारे' आपले धण्याचे पाणी वाया जाते.

घरातले आयोडिनयुक्त मीठ काढून सैंधव आणवावे. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूला आयोडिनचे 4 अणू लागतात, ते कुठून तरी येतीलच.

थकवा, केस गळणे, चिडचीड, काहीही दिसले तरी 'हार्मोन्स बिघडलेत' म्हणावे, आणि कोणते, असे कुणी विचारलेच तर विषय बदलावा.

मुख्य उपाय मात्र गोळी सोडवण्याचा. 'सवय लागते गं, जन्मभर घ्यावी लागेल' असे हळव्या आवाजात सांगावे. गोळीत शरीर स्वतः बनवते तेच थायरॉक्सिन असते, तेही मायक्रोग्रॅममध्ये मोजलेले, हे सांगू नये. रक्तातले थायरॉक्सिन निम्मे व्हायलाच सुमारे 7 दिवस लागतात, त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस फारसे काही जाणवत नाही. नेमक्या तेव्हा फोन करून 'बघ, अडलं का काही?' असे विचारावे. माझ्या बहिणीला तो फोन आला. तिची ग्रंथी तिच्याच प्रतिकारशक्तीने पोखरलेली आहे, आणि त्या वेळी तिला दुसरा महिना चालू होता, हे फोन करणाऱ्या काकूंना पक्के ठाऊक होते. पहिले सुमारे 3 महिने गर्भाची स्वतःची ग्रंथी थायरॉक्सिन बनवत नाही. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारे सगळे थायरॉक्सिन आईकडून येते, म्हणूनच गरोदरपणात डॉक्टर बहुधा डोस वाढवतात. आणि तुम्ही तो शून्यावर आणलात!

काकू, तुम्हाला कुणी विचारले होते? मधुमेह असलेल्या काकांचे इन्सुलिन बंद करायची तुमची छाती होत नाही, कारण तिथे परिणाम लगेच दिसतो; इथे तो सावकाश होतो, एवढ्यावरच तुमचा सारा आत्मविश्वास उभा आहे. 'मी तर चांगल्यासाठीच सांगितलं' हे ऐकून घ्यायची आता आमची तयारी नाही. पुन्हा तिला गोळीबद्दल फोन करू नका.