तीनशे हात तारू आणि चार दिवसाआड पाणी

मे महिन्यात सोलापुरात बसून मुलांना बायबलातला जलप्रलय शिकवायचा म्हणजे छातीच लागते. बाहेर पारा ४३ वर, पंखा गरम हवा फिरवतोय आणि मी सांगतोय, "मग आकाशाची दारं उघडली, चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस पडला."

"फुकट?" धाकट्या शमूनं विचारलं.

बायको चर्चच्या संडे स्कूलला शिकवते. तिच्यापुढं वीस-वीस पोरं चिडीचूप बसतात. घरातली दोन मात्र तिनं माझ्या गळ्यात मारली. "नुसतं वाचून दाखवू नका हो, हातानं करू द्या, खेळू द्या, मग लक्षात राहतं," असं सांगून ती ड्युटीवर गेली. आता नोहानं तारवात, म्हणजे मोठ्या नावेत, प्राण्यांच्या जोड्या घेऊन त्यांना प्रलयातून वाचवलं, ही गोष्ट लक्षात राहिली नाही असं एकही माणूस मला आजवर भेटलेलं नाही. पण तिच्यापुढं वाद घालायची माझी टाप नाही.

तर आधी माप. उत्पत्ती म्हणजे बायबलाचं पहिलं पुस्तक, त्याच्या सहाव्या अध्यायात तारवाचं माप दिलंय: तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. शमूनं लगेच स्वतःच्या हातानं फरशी मोजायला घेतली. सव्वीसाव्या हाताला माझ्या आईचा पाय मध्ये आला आणि मोजणी तिथंच संपली. मी कागदावर हिशेब केला. दीड फुटाचा हात धरला तरी ४५० फूट.

"आपल्या गल्लीत नाही मावणार," रूथ म्हणाली. ती आठ वर्षांची आहे आणि घरात व्यवहार तेवढा तिलाच कळतो. "सिद्धेश्वर तळ्यात ठेवावं लागेल."

शेजारच्या अक्कांचं टॉवेलचं काम आहे. त्यांनी एक भला मोठा खोका दिला. खोक्याच्या अंगावर छापील छत्री होती, म्हणजे ओलाव्यापासून जपा. शमू खूश. "बघा बाबा, पाऊस येणार हे यांना पण माहितीय!" आईनं मैद्याची खळ शिजवून दिली. आम्ही तीन मजले चिकटवले, बाजूला दार कापलं. त्याच अध्यायात तारवाला डांबर लावायचं वाक्यही होतं, ते मी वाचताना गाळलं. भर उन्हात डांबर आणायला कोण जाणार?

प्राण्यांनी मात्र माझा जीव घेतला. घरात ज्वारीचं पीठ भरपूर, तेही मंगळवेढ्याच्या मालदांडीचं. म्हटलं, त्याचेच करू. ज्यानं कधी भाकरी थापलेली नाही असाच माणूस ही चूक करतो. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो. हत्तीची सोंड लावली की गळायची, जिराफाची मान तर उभीच राहीना. आईनं उकड काढून दिली, तरी वाळताना सिंहाच्या पाठीला भाकरीच्या कडेसारख्या भेगा. गच्चीवर दोन तास ठेवल्यावर सगळे प्राणी कडक भाकरी झाले. शमूनं एक मेंढरू शेंगाचटणी लावून खाल्लं.

"एक कमी झालं!" रूथ ओरडली.

"शुद्ध पशू सात-सात घेतले होते बाई, चालतंय," आई आतून म्हणाली. माझ्या आईला उत्पत्ती पाठ आहे, आणि ती नेमकी मला तोंडघशी पाडायच्या वेळीच आठवते.

मग रूथला माळढोक पक्षी पाहिजे. शाळेत तिला नान्नजच्या अभयारण्याबद्दल सांगितलेलं. मी म्हटलं, ते १९७९ पासून आहे, पण आता तिथं माळढोक दिसणं नशिबाची गोष्ट. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जोडी पाहिजे ना बाबा? दोन तरी आहेत का?" याचं उत्तर ना बायबलात होतं ना माझ्याकडं. तिनं दोन केले, लांब मानेचे. त्यांना भेगा पडू नयेत म्हणून मग मी गुपचूप कणीक मळून आणली.

संध्याकाळी शमू नोहानं जमीन शोधायला सोडलेलं कबुतर झाला. त्याला जैतुनाचं पान आणायला पाठवलं, तर अक्कांच्या कुंडीतला कढीपत्ता तोडून आला. आईनं तो फोडणीत टाकला.

राहिलं पाणी. आमच्याकडं नळ चार दिवसाआड येतो, तोही रात्री तीनला. पिंप खरवडून उरलेल्या पाण्यात जलप्रलय करायला आईनं साफ नकार दिला. "जगबुडी उद्या करा," म्हणाली. "आज भांडी आहेत."

तीनला नळ आला. मी लुंगी सावरत मोटार लावली, हौद भरू लागला, तोच मागून दोघं तारू घेऊन हजर. शमूनं मोटारीकडं बोट दाखवून विचारलं, "देवानं पण लावली होती?" मी बादल्या भरत होतो, उत्तर दिलं नाही. तारू हौदात सोडलं. दहा सेकंद काय दिमाखात तरंगलं! मग खालचा मजला फुगला, मैद्याची खळ सुटून पांढरा तवंग आला, छत्रीचं चित्र तेवढं वर राहिलं आणि हत्ती बुडाला. शमूनं हात घालून पहिल्यांदा दोन्ही माळढोक काढले.

रूथ आत जाऊन बायबल घेऊन आली. बल्बखाली पान शोधलं, ओळीवर बोट ठेवलं.

"बाबा, सहावा अध्याय, चौदावं वचन. आतून आणि बाहेरून."